वाऱ्यातून आत आणलेला दिवा

आमच्या घरात समई लागली की पंखा बंद होतो. हा माझ्या सासऱ्यांचा कायदा आहे, आणि मे महिन्यात भिंती तव्यासारख्या तापलेल्या असतात तेव्हाही त्यातून कुणाला सूट नाही. लग्न होऊन मंद्रूपला आले, त्या पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, लाईट गेली. पदराने वारा घेत बाहेर येऊन बघते तर दिवे चालू, फक्त पंखा बंद, आणि देवघरापुढे मामा बसलेले. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांचे दोन्ही तळवे ज्योतीभोवती होते आणि घाम कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांतून वाट काढत नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता. "ज्योत हलली न्हाय पायजे, सूनबाई," ते म्हणाले. "माणूस उकडला म्हणून मरत न्हाय." नवी सून होते, म्हणून गप्प बसले. पुढे फार वेळा गप्प बसले असं काही म्हणता येणार नाही. मी तशी तापट आहे, आणि हे मामांनाही लवकरच कळलं.

मामांचा टायपिंगचा क्लास होता. घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत, रस्त्याकडे तोंड करून. बाजाराच्या दिवशी दमलेल्या बायका पायरीवर टेकायच्या आणि आतला खडखडाट ऐकून म्हणायच्या, "लाह्या फुटत्यात जणू." त्या लाह्यांवर गावातली कितीतरी पोरं कचेऱ्यांत चिकटली. पण मामांचा खरा अभिमान वेगळाच होता. "लाईट जाऊ दे न्हायतर आभाळ कोसळू दे, आपलं मशीन थांबत न्हाय," हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. मग सरकारी परीक्षा कॉम्प्युटरवर गेली आणि टाइपरायटर भंगारात गेले. मामांनी एक तेवढा ठेवून घेतला. बाकीचे टेम्पोत चढले त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मला कॉम्प्युटर येत होता, म्हणून क्लासची किल्ली माझ्या हातात आली. मामांनी किल्ली दिली, टोमणे मात्र स्वतःजवळ ठेवले. "लाईटीवर जगणारं मशीन म्हंजे सलाईनवरचा माणूस," असं ते दारात खुर्ची टाकून म्हणायचे, आणि आतल्या मुली तोंड दाबून हसायच्या. राग यायचा, पण टोमणा खोटा नव्हता. आमच्याकडे लाईट मनात येईल तेव्हा जाते.

म्हणून मी डोकं चालवलं. सोलापुरात जुन्या कॉम्प्युटरचा धंदा करणारा एक दुकानदार होता, त्याने एक मांडणी सुचवली. कचेऱ्यांनी टाकून दिलेले छोटे लॅपटॉप घ्यायचे, आतली डिस्क काढलेले. त्यांना स्वतःचं डोकं जवळजवळ नाहीच. आतल्या खोलीत एकच दमदार कॉम्प्युटर ठेवायचा आणि सगळं काम तिथं व्हायचं. तुम्ही बाहेर बोट दाबलं की निरोप आत जातो, अक्षर आत उमटतं, आणि त्याचं चित्र तेवढं तुमच्या स्क्रीनवर येतं. अशा बिनडोक्याच्या मशीनला थिन क्लायंट म्हणतात. मामांना मी पंगतीचं उदाहरण देऊन समजावलं. स्वयंपाक एकाच चुलीवर, पंगत लांबलचक, आणि मधे वाढपी.

"वाढपी कोण?" मामांनी विचारलं.

"वायरलेस," मी भिंतीवरच्या डबीकडे बोट केलं. वायरी टाकून बघितल्या होत्या. पण शेजारी धान्याचं दुकान आहे, आणि तिथले उंदीर तोंडी लावायला आमच्याकडे यायचे.

लाईट गेली की आतला मोठा कॉम्प्युटर आणि वायरलेसची डबी छोट्या इन्व्हर्टरवर चालायची आणि लॅपटॉप आपापल्या बॅटरीवर. बॅटऱ्या जुन्या होत्या, पण लॅपटॉपला काम असं नव्हतंच. स्क्रीन मंद केली की पूर्ण पेपर आरामात निघायचा. पावसाळाभर मी हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मामांनीही एकदा दारातल्या खुर्चीत मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं, शेवटपर्यंत बसले, आणि एकही टोमणा न मारता उठून गेले. म्हणजे त्यांना पटलं होतं.

त्या भरवशावर मी परीक्षा केंद्रासाठी अर्ज केला. तोवर आमच्या मुलांना परीक्षेला सोलापूरला जावं लागायचं. मुलगे जायचे, पेपर द्यायचे, सिनेमा बघून यायचे. मुलींचं घोडं तिथंच अडायचं. त्या वर्षी बारावी झालेली एक मुलगी भीमेकडच्या वस्तीवरून सायकलने क्लासला येत होती. घरात कानडी, शाळा मराठी, आणि बोटं तर अशी चालायची की मी शिकवायचं सोडून बघत उभी राहायचे. मामांनी उभ्या जन्मात कुणाची स्तुती केली नाही. तेही एकदा डोळे मिटून ऐकता ऐकता म्हणाले, "ही तंगी ढोलकी वाजवतीय बघ." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. क्लासातल्या सगळ्याच मुली त्यांना तंगी.

एके दिवशी तिचे वडील क्लासात आले. पायातल्या चपला दाराबाहेर काढून, डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, गावात परीक्षा असंल तर देऊ दे तिला. सोलापूरला मी न्हाय पाठवणार. जमलं तर जमलं, न्हायतर ह्या उन्हाळ्यात सोयरीक बघाय घेतो." वाईट माणूस नव्हता. आवाज चढवला नाही, हुज्जत घातली नाही, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. भांडायचं कुणाशी? बाहेर ती मुलगी सायकलचं कुलूप काढत होती आणि ते कुलूप निघतच नव्हतं. केंद्र आलं तर तिची परीक्षा, नाहीतर मांडव, इतकं सरळ होतं ते.

मग खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे नांगरापासून ट्रॅक्टरपर्यंत आणि तराजूपासून शिवणयंत्रापर्यंत, पोटाला देणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. क्लासात मामांची आणखी एक रीत होती. खंडेनवमीला टाइपरायटरांपुढे दिवा लावायचा आणि पुढची परीक्षा पार पडेपर्यंत तो विझू द्यायचा नाही. नंदादीपच तो. मामा दिवसातून कितीदा उठून त्यात तेल घालायचे. कॉम्प्युटर आल्यावर पहिल्याच वर्षी त्या दिव्यातलं तेल एका कीबोर्डात सांडलं आणि मी क्लासात दिव्याला बंदी केली. मामा तेव्हापासून खोलीत पाऊल टाकत नसत. टोमणेसुद्धा उंबऱ्याबाहेरून मारायचे.

ह्या वर्षी त्यावर तोड निघाली. आमच्याच क्लासात शिकून पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलेल्या एका मुलीने दिवा बनवून पाठवला. स्क्रीनच्या कोपऱ्यात, इतर सगळ्याच्या वर दिसणारी छोटी समई, आणि तिची ज्योत खऱ्यासारखी हलणारी, मधेच खाली बसणारी, पुन्हा उठणारी. खंडेनवमीला हळद-कुंकू लावून आम्ही तो एकदम सगळ्या लॅपटॉपवर लावला. मामा उंबरा ओलांडून आत आले. एकेका स्क्रीनपुढे थांबले, हात जोडले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "तेल न्हाय, वात न्हाय, काजळी न्हाय," ते म्हणाले. "बिनखर्चाचा नंदादीप की!" त्या दिवसापासून त्यांची खुर्ची आत आली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. सासरे आणि कॉम्प्युटर एका खोलीत नांदायला लागले.

दिवाळी उरकली आणि परीक्षा खात्याचे निरीक्षक केंद्र बघायला आले. मी इस्त्रीची साडी नेसून तयार. त्यांनी सगळ्यांना पेपर सुरू करायला लावला आणि म्हणाले, "मेन स्विच पाडा. लाईट गेली असं समजा." मी ऐटीत स्विच पाडला. पेपर अर्ध्याच्या पुढे गेला, आणि कडेचा एक लॅपटॉप काळा झाला. मग त्याच्या शेजारचा. मग पलीकडच्या ओळीतले दोन. एकेक करत सगळी खोली विझत गेली. ढोलकी वाजवणाऱ्या त्या मुलीची स्क्रीन गेली तरी तिची बोटं थोडा वेळ चालूच राहिली, कारण ती स्क्रीनकडे बघतच नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निरीक्षक सज्जन होते. "मॅडम, मांडणी चांगली आहे," ते म्हणाले, "पण पेपर मधेच बंद पडला तर मुलांनी काय करायचं? संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली की पुन्हा येतो. तेव्हाही हेच झालं तर तुमच्या मुलांना सोलापूर केंद्र."

मी सोलापूर गाठलं. दुकानदाराने लॅपटॉप उलटासुलटा केला आणि म्हणाला, "बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यात, आणि ह्या मापाच्या आता मिळत नाहीत." सगळे तेच म्हणत होते. पण पावसाळ्यात तरण्याताठ्या असलेल्या बॅटऱ्या दिवाळीत एकदम म्हाताऱ्या कशा झाल्या, हे मला कुणी सांगेना. मी स्क्रीन इतक्या मंद केल्या की मुली नाक टेकवून टाइप करायला लागल्या. तरी पेपर पुरा होईना. मामा खुर्चीतून म्हणाले, "माझी मशीनं कदी अशी मान टाकायची न्हाईत." एरवी मी उसळले असते; त्या दिवशी नुसत्या पिना लावत बसले, एवढी मी खचले होते.

गावात काही लपत नाही. मुलीचे वडील पुन्हा आले, पुन्हा चपला बाहेर, टोपी हातात. "कळलं मला, मॅडम. ऱ्हाऊ द्या मग. तुमी तिच्यासाठी लई केलं." त्या 'लई केलं'ने माझं डोकं फिरलं. मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होते. "अजून काही झालेलं नाही," मी म्हणाले, "जत्रा होईपर्यंत सोयरिकीचं नाव काढायचं नाही." मान हलवून गेले बिचारे. मी कुठल्या जोरावर बोलले ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

आणि एका दुपारी ते सापडलं. मुली भाकरी खायला पांगल्या होत्या. मी क्लासातच टेबलावर डबा उघडला, जे मी कुणालाही करू देत नाही. कडक भाकरीचा तुकडा मोडून शेंगाचटणीत बुडवला, वर बघितलं, आणि हात तसाच राहिला. समोर भिंतीवर वायरलेसची डबी. तिच्यावर एक बारीक हिरवा दिवा असतो. आत-बाहेर काही निरोप चालले की तो लुकलुकतो. खोलीत चिटपाखरू नव्हतं, एकाही कीबोर्डावर बोट नव्हतं, आणि तो दिवा मात्र फडफडत होता, क्षणाची उसंत न घेता.

"अरे, तू बोलतोयस कुणाशी?" मी मोठ्याने विचारलं.

उठून एकेक स्क्रीन बघत गेले. सगळीकडे तेच पान, तीच शेवटची ओळ, घड्याळाचा काटा आणि कर्सर सोडले तर काही म्हणता काही हलत नव्हतं. कोपऱ्यात समई होती. आणि तिची ज्योत हलत होती.

मग उलगडा झाला. ती ज्योत आपल्या लॅपटॉपवर हलतच नव्हती, हलत होती आतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर. ती जरा झुकली की नवं चित्र, जरा उठली की नवं चित्र, आणि प्रत्येक चित्र वायरलेसने प्रत्येक लॅपटॉपकडे धाडलं जात होतं. लॅपटॉपमधल्या वायरलेसला काम नसेल तेव्हा डुलकी घेता येते. नुसतं टायपिंग असलं तर दोन अक्षरांच्या मधेही तो डोळा मिटून घेतो. पावसाळ्यात जुन्या बॅटऱ्यांवर पेपर निघायचा तो ह्या डुलक्यांच्या जिवावर. आता पंगतीत असा एक जेवणारा येऊन बसला होता की चिमूटभर चटणी वाढली की लगेच, "आणखी चिमूटभर." वाढप्याने टेकायचं कधी? खरा दिवा तेल पितो, आमचा बॅटरी पीत होता, आणि आम्ही त्याला रोज हात जोडत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी तापट असले तरी उतावळी नाही. दोन सारखे लॅपटॉप पूर्ण चार्ज केले. एकावर समई ठेवली, दुसऱ्यावरची काढली, आणि दोन्हींच्या पिना उपसून कुणालाही हात लावू दिला नाही. दुपारची बॅच संपायच्या आत समईवाला काळा झाला. दुसरा दिवेलागणीपर्यंत तसाच जागा होता. मग सगळ्याच लॅपटॉपवरची समई क्षणभर बाजूला करून भिंतीकडे बघितलं. हिरवा दिवा शांत बसला होता, मधूनच एखादी उघडझाप. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मग समई जशी होती तशी परत लावली, कारण मामांना विचारल्याशिवाय ती कायमची काढायची माझीही छाती नव्हती.

मामा म्हणाले, "ब्याड."

ब्याड म्हणजे नको. मामा कानडीत नको म्हणाले की बोलणं संपलं. मी पंगत सांगितली, वाढपी सांगितला, दोन्ही लॅपटॉपचं सांगितलं. "परीक्षा व्हायच्या आत दिवा शांत करायचा? ह्या क्लासात असं कदी झालं न्हाय. आणि चित्राला कसलं तेल लागतंय? मशीनं तुजी पांगळी, नाव दिव्याचं." मग माझाही तोल सुटला. "ठीक आहे, जाऊ दे केंद्र सोलापूरला! त्या पोरीला मांडवात बसवा, आणि बसवा तिथं दिवा लावून!" मामा उठून आत गेले. मी बोलले ते बोलले. परत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं.

संध्याकाळी समई लागली आणि मी लावलेल्या पंख्याचं बटण खट्कन बंद झालं. थंडीचे दिवस असूनही रागाने मला घाम फुटला होता. स्वयंपाकघराच्या दारातून मी बघत उभी राहिले. खिडकीतून झुळूक आली, ज्योत वाकली, आणि मामांचे तळवे आपोआप तिच्याभोवती गेले. ज्योत हळूहळू सरळ झाली. मी बघत राहिले, आणि मग मोबाईल आणायला धावले.

"मामा, हात जरा बाजूला घ्या. पण खिडकी आधी लावते." त्यांनी संशयाने माझ्याकडे बघितलं, पण हात काढले. ज्योत एका रेषेत उभी होती. मी फोटो काढला.

सकाळी त्यांच्या खुर्चीसमोरच्या लॅपटॉपवर पुण्याच्या समईशेजारी तो फोटो लावून ठेवला आणि मी फळा पुसत बसले. मामा आले, चष्मा चढवला. समईवरच्या मोराची चोच मोडलेली आहे, ती त्यांना दिसली.

"ही आपली समई."

"व्हय."

"ज्योत हलत न्हाय हिची."

"मामा," मी फळ्याकडे बघतच म्हणाले, "ज्योत हलू नये म्हणून लग्न झाल्यापासून मला घामात भिजवताय. मग क्लासातली ज्योत हललेली कशी चालते?"

मागे खुर्ची करकरली. मग हसू आलं, आधी बारीक, मग खोकला येईपर्यंत. "हरलो, सूनबाई," ते डोळे पुसत म्हणाले. "दिवा तू शांत न्हाय करायलीस. वाऱ्यातनं आत आणायलीस." एकच अट घातली. आधी नवी समई लावायची, मगच जुनी काढायची, मधे अंधार नको. एका दिव्यावरून दुसरा लावतात तसं आम्ही प्रत्येक स्क्रीनवर केलं. मी बटणं दाबत होते, मामा शेजारी हात जोडून उभे होते.

मग माझ्या अंगात आलं. स्क्रीनवर उगीच हलणारं जे जे दिसेल त्याच्यावर मी धाड घातली. घड्याळाचा सेकंदकाटा गेला. लॅपटॉप उघडल्यावर सरकत जाणारं 'सुस्वागतम' गेलं. लुकलुकणारा कर्सर स्थिर केला. मुली कुरकुरल्या, "मॅडम, कर्सर दिसंना की!" ढोलकीवाली तेवढी म्हणाली, "मला बघाय लागतच न्हाय." पहिल्यांदाच मी तिला फुशारकी मारताना ऐकलं, आणि मला ते फार आवडलं.

जत्रा संपता संपता निरीक्षक आले. "मेन स्विच पाडा," म्हणाले. ह्या वेळी मामा स्वतः उठले आणि त्यांनी तो पाडला. खोलीत फक्त बोटांचा आवाज उरला. पेपर अर्ध्यावर गेला. मागच्या वेळी पहिल्यांदा विझलेल्या त्या कडेच्या लॅपटॉपकडे मी बघू नये म्हणत होते आणि बघत होते. चालू होता. शेजारचा चालू होता. रस्त्यावरून वाऱ्याचा झोत आत आला, तसे मामा लगबगीने उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. स्क्रीनवरच्या ज्योतीला वारा लागेल म्हणून! निरीक्षकांना काही कळलं नाही. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, म्हणून मी भिंतीवरच्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिले. तो आपला निवांत होता.

वेळ संपली. एकही स्क्रीन गेली नव्हती. निरीक्षकांनी ओळींतून फिरून प्रत्येक लॅपटॉप बघितला आणि विचारलं, "अजून किती चालतील?"

"बसा साहेब," मी म्हणाले, "चहा घ्या, बघूच." एक चहा झाला, गप्पा झाल्या, दुसरा चहा झाला. सगळ्या समया तेवत होत्या. शेवटी निरीक्षकच हसून म्हणाले, "पुरे आता, केंद्र तुमचं." मामांनी मांडीवर थाप मारली. "आयतु!" झालं, जिंकलं, असं सगळंच त्यात आलं. मग दारात जाऊन, रस्त्याने जाणाऱ्या कुणाला तरी थांबवून ते मोठ्याने सांगायला लागले, "लाईट गेली तरी आपलं मशीन थांबलं न्हाय!" आपलं मशीन म्हणाले. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते असं रस्त्यावरच्या माणसाला सांगून टाकलं त्यांनी. मुलींनी मला घेरलं, आणि मी भर क्लासात नाचले. लाज कसली त्यात.

परीक्षेच्या दिवशी लाईट गेलीच नाही. एरवी रोज जाते, त्या दिवशी मेली हलली नाही. ढोलकीवालीचे वडील तिला सोडायला म्हणून आले आणि गेलेच नाहीत. बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभे राहून खिडकीतून बघत होते. परक्या गावांतून आलेली मुलं, बिल्ले लावलेले साहेब, आणि त्या सगळ्यांत मान खाली न घालता ताठ बसलेली त्यांची लेक. तिला एवढ्या लोकांत बसलेली त्यांनी कधी बघितली नसावी. पेपर संपला तेव्हा सावली सरकून ते उन्हात आले होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"पास हुईल का, मॅडम?"

"नुसती पास? ती तिथं बसलेल्या सगळ्यांच्या पुढे आहे."

त्यांनी मान हलवली. टोपी या हातातून त्या हातात घेतली. "मग ह्याच्या पुढं काय असतंय?"

"नोकरीची भरती. त्यात टायपिंगची चाचणी असते."

"ती हितंच?"

हो म्हणायचा मोह झाला मला. पण खोटं बोलून काय उपयोग? "नाही," मी म्हणाले. "ती सोलापुरात."

पायरीपाशी मुलगी सायकलच्या कुलपाशी वाकली होती, आणि ह्याही वेळी ते कुलूप निघत नव्हतं. मामा दारात येऊन उभे राहिले होते. वडिलांनी एकदा खिडकीतून आत बघितलं, रिकाम्या खुर्च्यांकडे, कोपऱ्याकोपऱ्यात तेवणाऱ्या समयांकडे. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं,

"सोलापूरची पहिली यष्टी किती वाजता असती?"